सर्वांना म्हणजे किती जणांना

धुळे, ९ जानेवारी १९८९

ती. सौ. अक्का हिस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

तुझी कोकिळा इथे सुखरूप आहे. मामीला कामात मदत करते, पोटभर जेवते. काळजी आहे ती वेगळीच. सातवीसाठी तिला माझ्या शाळेत आणली तेव्हा गणितात तयार करीन, असा मी दाजींना शब्द दिला होता. सहामाहीत तिला शंभरात अकरा मिळाले. आता दाजींचं पत्र आलंय की होळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर शाळा पुरे, येऊन घेऊन जाईन.

आमच्या शाळेला सरकारी योजनेतून एक कॉम्प्युटर मिळालाय. हसू नकोस, तुझा भाऊ नाशिकला एकवीस दिवस राहून तो शिकून आलाय. अपूर्णांक शिकवायला मी स्वतः त्याचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर भाकरी दिसते. पोरांनी आकडा दाबला की तिचे तेवढे सारखे तुकडे पडतात. बरोबर असलं तर पुढचं गणित, चुकलं तर फुली आणि भोंगा. त्याला मराठी अक्षरं येत नाहीत, म्हणून प्रश्न मी फळ्यावर लिहितो. पहिला अगदी सोपा आहे. आईने एक भाकरी केली. घरात तीन मुले आहेत. सर्वांना सारखी वाटायची, तर तुकडे किती करायचे?

सगळा वर्ग तीन दाबतो, तुझी लेक चार दाबते. पहिलं सुटल्याशिवाय पुढचं गणित येत नाही, त्यामुळे तीन आठवडे तिथंच अडकली आहे. शेजारची पोरगी कानात तीन सांगते, तरी हिचे चारच. का म्हणून विचारलं तर खाली बघते. काल मी सगळ्यांदेखत ओरडलो. ती रडली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. हा हट्टीपणा तिने कुणाकडून घेतला ते लिहीत नाही, तू पत्र फाडशील.

दाजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहो.
तुझा पंडित


अमळनेर, १६ जानेवारी १९८९

चि. पंडित यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

हट्टीपणा मामाकडून आला. सातचा पाढा येईना म्हणून निंबावर चढून बसलेला मुलगा कोण होता, ते तिला एकदा सांगते थांब.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या मशीनचं मला काही कळत नाही, पण चार कुठून आले ते कळलं. कोकिळा आठ वर्षांची असेल. एकदा माझा पिठाचा अंदाज चुकला आणि शेवटी एकच भाकरी उरली. मी तिचे तीन तुकडे करून हिच्या आणि दोघा भावांच्या ताटात टाकले. सर्वांना झालं बरं, असं म्हणाले आणि भांडी आवरायला लागले. हिने तिन्ही तुकड्यांतला थोडा थोडा मोडून एका ताटलीत ठेवला आणि ती माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, बठ्ठासले म्हणजे तुले बी, माय. सर्वांत तिने मलाही धरलं.

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. बायांचं जेवण शेवटी, उरेल त्यात, हे काय आपल्याकडे नवीन आहे? पण तुझ्या गणितात आई आहे ना रे? मग तिला मोजायचं कसं राहिलं? मी चौथी पास, चुकत असेन तर कळव.

पोरीवर ओरडू नकोस. लोभ आहेच, पत्र लवकर टाक.
अक्का


धुळे, ७ फेब्रुवारी १९८९

ती. सौ. अक्का हिस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

तू चुकत नाहीस. माझा प्रश्नच चुकला होता. तुझं पत्र वाचून मी कागद घेऊन बसलो. तीन तुकड्यांतून प्रत्येकी चौथा हिस्सा काढला तर चौघांना बरोबर सारखं होतं. अक्का, हे तिने आठव्या वर्षी केलं, आणि आम्ही तिला फुली दाखवत होतो. आणखी एक लिहितो. माय गेल्यावर आपल्या घरी भाकरी तूच वाटायचीस. तू कधी जेवायचीस ते मी एकदाही पाहिलं नाही. मला माफ कर.

मी कोकिळाची वर्गासमोर माफी मागितली आणि फळ्यावर सर्वांना हा शब्द खोडून तिन्ही मुलांना असं लिहिलं. तिने एका तासात बाराच्या बारा गणितं सोडवली.

आता खरी गोष्ट. काल दाजी कामासाठी धुळ्याला आले आणि जाता जाता लेकीला घेऊन जातो म्हणाले. मामीने रडत तिची पिशवी भरली. मी त्यांना शाळेत नेलं. कोकिळाने बापाला मशीनपुढे बसवलं आणि माझा जुनाच प्रश्न तोंडी घातला. दाजींनी लगेच तीन दाबले. मशीनने बरोबर दाखवलं. ते खूश झाले. तेव्हा तिने हळूच विचारलं की आबा, मग माय काय खाई?

दाजींनी पडद्यावरचे तुकडे बोटाने मोजले. मग पाणी मागितलं, प्यायले आणि साडेचारच्या एस.टी.ने एकटेच निघून गेले. पिशवी माझ्याकडेच आहे. रागावलेत का, पुन्हा येणार आहेत का, काही कळत नाही. पोरगी विचारते, मी काय सांगू? ताबडतोब लिही.
तुझा पंडित


अमळनेर, ११ फेब्रुवारी १९८९

चि. पंडित यास अनेक आशीर्वाद.

हे त्या दिवशी दिवेलागणीला घरी आले. पोरीचं नाव नाही, शाळेचं नाव नाही. मी नेहमीसारखं त्यांचं ताट वाढलं, तर हात लावेनात. मी कधी जेवते, असं विचारलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पहिल्यांदा विचारलं. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं की माझं झालंय. त्यांनी उठून भाकरीचं टोपलं उघडलं, ते रिकामं होतं, पहिली भाकरी अजून तव्यावरच होती. म्हणाले, लबाड नको बोलू.

मग त्यांनी माझं ताट स्वतः मांडलं आणि मला समोर बसवलं. तव्यावरून उतरलेली पहिली भाकरी माझ्या ताटात टाकायला लावली. जेवताना एवढंच बोलले की पिशवी रिकामी करून ठेवायला सांग, पोरगी दहावी करूनच येईल.

मी जेवले. पंडित, गरम भाकरी कशी लागते, ते मी विसरूनच गेले होते रे.

तुम्हा तिघांवर माझा जीव आहे, तो असाच राहील.
तुझी अक्का