दोन खुंट्यांची फळी

बाबा, तुमची दोन खुंट्यांची फळी अजून माझ्याकडे आहे. नायगावच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघराच्या दारामागं. लाल खुंटीला घराची किल्ली अडकवते आणि दुसरीला चहाची गाळणी, त्यावरून तुम्ही मला बोलला असतात. मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर तुम्हीच वाडीत कामाला लावलंत, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर निम्मा दोष तुमचा. पण गेल्या आठवड्यात तुमच्या नातीच्या ऑफिसात जे झालं, त्यानंतर माझं मन थाऱ्यावर नाही.

तुम्ही गेलात तेव्हा पाळण्यात होती ती. आता गोखिवऱ्याला एका गाळ्यात काम करते. खाली पत्र्याचं काम चालतं, वर हे लोक काँप्युटर घेऊन बसतात. दवाखान्यात लागणारं एक मशीन बनवतात. पेशंटच्या बोटाला चिमटा लावला की नाडीचे ठोके पडद्यावर दिसतात. ते मशीन मध्येच हँग व्हायचं. सरळ बंद पडलं असतं तर परवडलं असतं, निदान कळलं असतं. हे शेवटचा आकडा तसाच धरून बसायचं आणि सिस्टरला वाटायचं, माणूस ठीक आहे. एका दवाखान्यात म्हातारीच्या सुनेनं सहज हात धरून बघितला म्हणून म्हातारी वाचली, नाहीतर पडद्यावर सगळं झकास होतं. ते ऐकल्यापासून पोरगी जेवेना. साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली होती, नाही जमलं तर काम दुसऱ्याकडे. काम जाऊ दे म्हटलं, जेव तर. तर म्हणते, "आई, ती म्हातारी आपली असती तर?"

गुरुवारी डबा घरीच विसरली. मी रिक्षा करून गेले, जिना चढले आणि डबा तिच्यासमोर आपटला. म्हटलं, आधी खा, आणि खाताखाता मला सांग काय अडलंय. तुला काय कळणार, असं तोंडावर म्हणाली नाही, पण चेहरा तोच होता. मग कागदावर दोन चौकोन काढले. मशीनच्या पोटात एक मुळातला प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बाकीची सगळी कामं त्याच्याकडून मागून घेतात. एका वस्तूला दोघांनी एकदम हात घालू नये म्हणून तो प्रत्येक वस्तूला कुलूप लावतो. पडद्याला एक, नोंदीच्या यादीला एक. ज्याला दोन्ही लागतात तो एक कुलूप धरून दुसऱ्यासाठी थांबतो. पण तेवढ्यात दुसऱ्या कोणी ते दुसरं धरलं असेल आणि तो पहिल्यासाठी थांबला असेल, तर दोघंही बसले. सोडणार कोणीच नाही. मशीन चालू असतं, फक्त काही होत नाही.

मी कागदाकडे बघतच राहिले. बाबा, ती आपली मोटर होती.

निर्मळची ती सामाईक विहीर, चार घरांची. मोटरच्या खोलीची एक किल्ली, पाणी कोणाच्या वाडीत सोडायचं त्या पाइपाच्या कॉकच्या पेटीची दुसरी. दोन्ही आपल्या ओटीवर खुंट्यांना, आणि पाणी द्यायला दोन्ही लागायच्या. तुमचा नियम असा की आधी मोटरची घ्यायची, मग कॉकची, आणि पहिली खुंटी रिकामी असेल तर दुसरीला हात लावायचा नाही. कोण ऐकतंय म्हणून लोक हसायचे, पण ऐकायचे. वैशाखातला दिवस. तुम्ही फुलं घेऊन बाजारात गेलेले, म्हणून पाणी द्यायला मी निघालेली, बारा वर्षांची. तासाभरात वीज जाणार. मी कॉकची किल्ली घेते आणि पेटीवर जाऊन बसते. तिकडे शेजारचे काका मोटरची किल्ली घेऊन खोलीच्या दारात बसलेले, कॉकची किल्ली कोण आणून ठेवतंय म्हणून. मध्ये केळीची दाट रांग, ना त्यांना मी दिसते ना मला ते. वीज गेली तेव्हा आम्ही दोघं उठलो. काकांची नवी पानवेल त्या आठवड्यात जळाली.

काका ओटीवर येऊन म्हणाले, "तुझी पोरगी पेटीवर कोंबडीसारखी बसली होती, उबवत." तुम्ही हसला नाहीत. मला विचारलंत, "बाय, पहिली खुंटी रिकामी दिसली नाही तुला?" मी म्हटलं, नाही दिसली. तुम्ही मान हलवलीत. काकांना म्हणालात, चूक माझी, खुंट्या अंधारात होत्या. त्या उन्हाळ्यात आपली दर दुसरी पाण्याची पाळी त्यांना दिलीत आणि आपला मोगरा करपला. मग नवी फळी केलीत, पहिली खुंटी लाल रंगवलीत आणि माझ्या डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर ठोकलीत. लग्नात मला तीच दिलीत. आई म्हणाली, पोरीला असलं लाकूड काय देताय. तुम्ही म्हणालात, तिला लागेल.

पोरीला मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, आई, क्रम ठरवायचा हे आमच्या पुस्तकात पहिल्या धड्यातच आहे, आणि इथं सगळे क्रमानंच घेतात, मी एकेक जागा वाचलीय. मला राग आला. म्हटलं, "सगळे म्हणजे रोजचे ना? रोजचा माणूस नियम मोडत नाही गं. कधीतरी येतो, घाईत असतो, त्याला शोध." ती घास हातात धरून थांबली. चिमटा बोटावरून निसटला की मशीननं बोंब मारायची, तेवढ्यापुरतं एक काम जागं होतं. ते आधी यादीचं कुलूप धरत होतं, मग पडद्याचं. बाकीच्यांच्या उलटं. तिकडे आज बघणारच होते, असं म्हणाली. म्हणू दे. तो क्रम सरळ करून शुक्रवारी दिवसभर तिनं चिमटा काढला, लावला, काढला, लावला, मशीन एकदाही अडकलं नाही. संध्याकाळी घरी येऊन तीन भाकऱ्या खाल्ल्या.

जेवताना तिनं विचारलं, विहिरीवरची ती पोरगी कोण होती? मी तिला "एक पोरगी" एवढंच सांगितलं होतं. म्हटलं, होती शेजारची, आणि भांडी उचलली.

हा कागद कुठं टाकायचा ते मला माहीत आहे, फळीच्या मागं, भिंतीच्या फटीत. तिथं तो कोणी वाचणार नाही. बाबा, ओटीवर तेव्हा अंधार नव्हता. पहिली खुंटी रिकामी होती ते मला चांगलं दिसलं होतं. मला वाटलं, एक तरी किल्ली माझ्या हातात असू दे.