शेवटच्या रांगेतून

३ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. नाट्यगृहात मात्र दोन तास उशिरा, कारण रस्ताच पाय सोडेना. बाबा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी कलाकारांचीच वस्ती! एका काचेआड म्हातारा व्हायोलिनचं पोट उघडून बसलेला, वरच्या मजल्यावर नाचणाऱ्यांचे नुसते पाय दिसत होते, आणि चित्रसंग्रहालयात शिरले तर भिंतभर समुद्र. ओला आहे का बघायला बोट लावणार, तोच पहारेकऱ्यानं डोळे वटारले.

इथे नाटकाचा पडदा जमिनीवर अंथरतात आणि काठीएवढ्या कुंचल्यांनी, त्याच्यावर चालत रंगवतात. मला आठ दिवस पारखणार आहेत. ठेवून घेतलं तर कायम, नाही तर ठरल्याप्रमाणे परत येऊन तुमच्याबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवीन. आईला सांगा, वेळेवर जेवते.

तुमची,
टिल्लू

६ मार्च

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद.

पहारेकऱ्याचं वाचून आई म्हणाली, पोरीनं बापाचं नाव काढलं. पडद्यावर चालतात हे काही मला पटलं नाही. आम्ही ओल्या पाटीवर माशी बसू देत नाही. असो. एक लक्षात ठेव, कड स्वच्छ हवी. कड सुटली की कामाची अब्रू गेली. तीस वर्षं आपलं घर त्यावरच चाललंय. नाही घेतलं तर तोंड लपवू नकोस. खरं सांगू? मला जरा बरंच वाटेल.

प्रकृतीला जप.
बाबा

११ मार्च

ती. बाबांना,
सा. न.

तुमचं ऐकलं आणि घोटाळा झाला. माझ्या वाट्याला पहाटेचे डोंगर होते. तीन दिवस गुडघ्यांवर बसून एकेक कड अक्षरासारखी कापली. मुख्य रंगारीणबाई येता-जाता बघत होत्या. काल पडदा टांगला आणि मला प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं. माझे डोंगर म्हणजे कापून चिकटवलेले पुठ्ठे! आणि वर बाईंनी रंगवलेलं आभाळ, जवळून बादली सांडल्यासारखं दिसायचं ते, बाबा, उजाडत होतं. खरंच उजाडत होतं.

बाईंनी एवढंच विचारलं, हात स्वच्छ आहे तुझा, मळवायची तयारी आहे का? आज ओलं फडकं घेऊन सगळ्या कडा मीच पुसल्या. तुमची अब्रू पुसतेय असं वाटत होतं. मग उभी राहून, लांब कुंचल्यानं नव्यानं रंगवलं. दुपारी बाई शेवटच्या रांगेत जाऊन बघून आल्या आणि हजेरीपटावर माझं नाव लिहिलं.

मी परत येत नाही. रागावू नका, माया पातळ करू नका.

टिल्लू

१५ मार्च

चि. टिल्लूस आशीर्वाद.

रागावलो नाही. एक दिवस गप्प होतो, एवढंच. आई म्हणाली, घरात बरी शांतता होती. जन्मभर पाटी रंगवून समोरच्या फुटपाथवरून बघत आलो. त्याहून मागे सरायचं कधी सुचलं नाही, आणि निघालो तुला शिकवायला!

रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं येतोय. नाटकाची तिकिटं काढून ठेव. घरची माणसं म्हणून पुढे बसवू नकोस.

बाबा