दोन साखळी करवती आणि भिवा कासारेचे नाव

मी, जयवंत बुधाजी मेस्त्री, वय सत्तावन्न, धंदा झाडे तोडण्याचा, राहणार लालबाग, मुंबई, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. छाती ठिकाणावर नाही. परळच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि माझ्या मुलीला, मालनला, बाहेर बसायला सांगितले, तेव्हाच मी काय ते समजलो. मला कोणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. मी सांगतो आहे आणि शेजारचे बाबुराव, जे तीस वर्षे कोर्टात कारकून होते, ते लिहीत आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. खोटा कागद मात्र एक केला आहे. माझा जोडीदार भिवा कासारे दारू पिऊन मेला, असे त्यात माझ्या सहीने लिहिले आहे. तो प्यायला नव्हता. हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप, नाहीतर माझी वाटणी दहा ओळींत आटोपली असती.

कलम पहिले. चाळीतली खोली आणि आतले सामान मालनचे. तिची आई दमयंती गेल्यापासून भिंतीला चुना लागलेला नाही, तो मालनने लावून घ्यावा. खिडकीच्या वरच्या फळीवर कान तुटलेला एक कप आहे, तो फेकू नये. दमयंतीने तो भिवासाठी वेगळा ठेवला होता. भिवा वीस वर्षे त्यातून चहा प्यायला आणि मी वीस वर्षे ते बघत बसलो. डिसेंबर छप्पनमध्ये दादरच्या चौपाटीवर त्याने बुद्धाची दीक्षा घेतली. दुसऱ्या आठवड्यात घरी आला, कप हातात घेतला आणि दमयंतीला म्हणाला, "वहिनी, आजपासून तुमच्या कपातून द्या, नाहीतर पाणी पण नको." मी माझा कप त्याच्यापुढे केला आणि तुटका मी घेतला. तेव्हापासून मी त्यातूनच पितो. यात मोठेपणा काही नाही, वीस वर्षे उशीर आहे.

कलम दुसरे. पोस्टातले असेल ते मालनचे. माझ्या सरणाचे लाकूड वखारीतून आणावे. माझ्या करवती त्या दिवशी बंद राहाव्यात.

कलम तिसरे. हातकरवती, कुऱ्हाडी, कानशी, दोरखंड आणि कप्पी शीव कोळीवाड्याच्या चंदूला द्यावी. तो वर्षभरापासून माझ्याबरोबर काम करतो. होडीवाल्याच्या घरातला असल्यामुळे गाठ मारतो ती सुटत नाही. तोंड मात्र फार चालते, ते मी सुधारू शकलो नाही.

कलम चौथे. आता माझी खरी इस्टेट. माझ्याकडे दोन साखळी करवती आहेत, दोन्ही पेट्रोलवर चालणाऱ्या. जुनीला आम्ही थोरली म्हणतो, नवीला धाकटी.

थोरली मी लढाई संपल्यावर लष्करी भंगाराच्या लिलावात घेतली. दीड मणाची आहे आणि तिला दोन माणसे लागतात. एक इंजिनाकडे, तो मी. पात्याच्या दुसऱ्या टोकाला एक मूठ आहे, ती धरून झाडाच्या पलीकडे उभा राहायचा तो भिवा. सकाळी दोरी दहा-बारा वेळा ओढल्याशिवाय ती बोलत नाही. आडवी धरली की गुदमरते. पण एकदा लागली की धूळ, घाण, भेसळीचे पेट्रोल, काही म्हणत नाही. साखळीचा दात तुटला तर लालबागच्या लोहाराने घडवून दिला आणि तोही चालला. बारा वर्षांत तिने मला कामावर दगा दिला नाही. एकदाच दिला असे पोलिसांच्या वहीत असेल. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती, तेव्हा पोरांनी आमच्या नाक्यावर झाड आडवे टाकले आणि पोलिसांनी आम्हाला ते कापायला उभे केले. भिवाने दोरी चाळीस वेळा ओढली, घामाघूम झाला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, म्हातारी रुसली." प्लगची तार त्याच्या खिशात होती. झाड दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच राहिले.

धाकटी मी सत्तावन्नच्या दिवाळीनंतर घेतली. बंदरावरच्या एका कंपनीने ती थोडीच वापरून विकायला काढली होती. तेरा शेर वजन, एकट्याने उचलायची, दुसऱ्या ओढीला सुरू. आडवी धरा, उलटी धरा, चालते. थोरलीला जे खोड कापायला वीस मिनिटे लागत, ते ही सातात कापते. दोष सांगायचे तर पेट्रोल गाळून द्यावे लागते, साखळी तापली की सैल पडते आणि सुटा भाग मिळायला सहा-सहा महिने लागतात. पण बोट सोडले की साखळी थांबते, त्यात तिने कधी लबाडी केली नाही. लोकांत बोलायला मी थोरलीचे गुण गातो आणि धाकटीला शिव्या देतो. ते खोटे आहे. करवत म्हणून धाकटी उजवी आहे. विकणाऱ्या माणसाने मला बजावून सांगितले होते, "मेस्त्री, ही एकट्याची आहे. चालू असताना दोन हातांच्या आत माणूस नको." मी हो म्हणालो.

धाकटी चंदूला द्यावी. अट एकच, त्या माणसाने मला घातलेली. चंदूने ती पाळली नाही तर मालनने करवत परत घ्यावी.

कलम पाचवे. हे कलम बाबुरावांनी मला दोनदा वाचून दाखवले आहे. दोन्ही वेळा मी हेच सांगितले.

लाकूड तुटायच्या आधी आतून कुरकुरते. आम्ही त्याला बोलणे म्हणतो. इंजिनाच्या आवाजात ते कानाला कळत नाही, म्हणून भिवा एका हाताने मूठ धरी आणि दुसऱ्या हाताचा तळवा खोडाला लावून ठेवी. तळव्याला कुरकूर लागली की ओरडे, "बोललं!" मग मी इंजिन सोडायचे आणि दोघांनी मागे व्हायचे. त्याच्या त्या तळव्यावर बारा वर्षे माझा जीव होता.

धाकटी आली तेव्हा तिला पलीकडची मूठच नव्हती. भिवाला काम उरले नाही. मी त्याला तसे सांगायला हवे होते. फांद्या तोड, दोर सांभाळ, काहीही सांगता आले असते. पण तो धाकटीभोवती फिरला, मूठ शोधली आणि माझ्याकडे बघून हसला, "म्हणजे मेस्त्री, मी आता घरी?" मला ते सहन झाले नाही. मी म्हणालो, "हात कोण लावणार? तू आपल्या जागी उभा राहा." त्याला त्या जागी मी उभे केले. तो आपण होऊन गेला नव्हता.

सतरा फेब्रुवारी अठ्ठावन्न, सोमवार, सकाळी दहाचा सुमार. फणसवाडीत एका घराच्या मागच्या अंगणात जांभूळ तोडायचे होते. खोड फार जाड नव्हते. भिवाने पलीकडून तळवा लावला, गाल खोडाला टेकवला आणि मान हलवली. मी धाकटी लावली. थोरली सावकाश कापते, लाकडाला बोलायला सवड मिळते. धाकटीने ती सवड दिलीच नाही. भिवा कुरकुरीची वाट बघत राहिला आणि पात्याचे टोक पलीकडे बाहेर आले, गाठीवर आपटले, उसळले आणि त्याच्या मांडीत शिरले. मी बोट सोडले, साखळी थांबली. तोवर व्हायचे ते झाले होते. मी धोतर फाडून बांधले, रक्त थांबेना. तो रागावला नाही. नवल वाटल्यासारखा बघत होता. म्हणाला, "मेस्त्री, बोललंच नाही." त्यानंतर तो बोलला नाही. दवाखान्याची गाडी येण्याआधी गेला.

काम माझ्या मेव्हण्याचे, कंत्राटदार शामरावचे होते. तो पोलिसांच्या आधी पोहोचला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "जयवंता, शहाणा बन. तू उभा केलास म्हणालास तर तू आत जाशील. मशीनचा दोष म्हणालास तर मशीन जप्त. मालनचं लग्न वैशाखात आहे. भिवाचं काय, तो तर गेला." असे म्हणून त्याने कोटातून दारूची चपटी काढली आणि भिवाच्या सदऱ्यावर रिकामी केली. मी बघत होतो. बाटली माझ्या हातात देऊन म्हणाला, "गटारात टाक." मग पोलीस आले. "इसम दारूच्या अमलाखाली स्वतःहून यंत्राजवळ गेला" असे त्यांनी लिहिले आणि मी खाली सही केली.

दीक्षा घेतल्यापासून भिवाने दारूला हात लावला नव्हता. त्याआधी प्यायचा, माझ्याबरोबरच प्यायचा. चौपाटीवर शपथ घेतली आणि दारू सुटली. मी त्याला दोनदा आग्रह केला, तेव्हा म्हणाला, "शपथ मोडली तर पोरांना काय सांगू, बाप परत महार झाला?" त्याची बायको बकुळा डिलाईल रोडवरच्या चाळीत राहते. त्या चाळीत त्याचे नाव निघाले की लोक मान फिरवतात. शपथ मोडून मेला म्हणतात. विहारासाठी तिने दिलेली वर्गणी एकाने परत केली. मी दर महिन्याला तिच्याकडे जातो. पहिल्या वर्षी ती दर वेळी विचारायची, "दादा, खरंच प्यायले होते का हो ते?" मी खाली बघत असे. दुसऱ्या वर्षी तिने विचारायचे सोडले. ते मला जास्त लागले.

म्हणून मी, जयवंत मेस्त्री, जाहीर करतो की भिवा कासारे शुद्धीत होता, त्याची शपथ शाबूत होती आणि त्याचा जीव माझ्या चुकीने गेला. पोलिसांना दिलेला जबाब खोटा आहे.

कलम सहावे. शामरावने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये. चपटी मी गटारात टाकली नाही. ती हत्यारांच्या पेटीत तळाशी, कानशींच्या फडक्यात गुंडाळलेली आहे. ती शामरावला द्यावी. माझ्याकडून त्याला एवढेच.

~~कलम सातवे. थोरली बकुळा भिवा कासारे हिला द्यावी. विकून येईल ते तिचे. भिवाने धरलेली मूठ तिला हवी असल्यास काढून ठेवावी.~~

कलम सातवे मी आज खोडले, त्याचे कारण असे. सही करण्याआधी हा कागद मी बकुळेला वाचून दाखवायचे ठरवले. चंदू तिला घेऊन आला. बाबुरावांनी पहिल्यापासून वाचले. पाचवे कलम संपले तरी ती भिंतीला टेकून तशीच बसली होती. सातवे ऐकल्यावर म्हणाली, "थोरली नको मला. मूठ पण नको. साक्षीदार कोण?"

बाबुराव म्हणाले, "एक मी. दुसरा बघायचा आहे."

"मी करते सही."

बाबुरावांनी समजावले की ज्याला काही मिळते त्याने साक्ष करू नये, उद्या कोर्टात कोणी बोट ठेवील. ती म्हणाली, "म्हणूनच सांगते, मला काही नको. खोडा ते." बाबुरावांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि हा कागद कधी उघडणार, दादा?"

मी म्हणालो, मी गेल्यावर.

"दोन वर्षं मी लोकांची तोंडं बघितली. आता तुमच्या मरणाची वाट बघत बसू? तुम्हाला तोंड आहे ना अजून? चाळीत येऊन वाचा. मग मरा."

चंदू काही बोलायला गेला, त्याला मी गप्प केले. तिचे बरोबर होते. मेल्यावर खरे सांगणे मला सोपे वाटले, म्हणून मी मृत्युपत्र काढून बसलो होतो. येत्या रविवारी, चोवीस तारखेला, सकाळी नऊ वाजता मी तिच्या चाळीच्या मधल्या पटांगणात उभा राहून पाचवे कलम स्वतः वाचीन. मला चालवले नाही तर चंदूने उचलून न्यावे. सोमवारी बाबुराव मला पोलीस ठाण्यात नेतील. चपटी बरोबर घेऊ, त्यामुळे सहाव्या कलमाप्रमाणे ती शामरावला मिळायला थोडा वेळ लागेल. त्याच्या पुढच्या रविवारी महाराष्ट्र होतो आहे. लालबागेत आतापासून पताका लागल्या आहेत. मी त्या दिवशी कुठे असेन ते माहीत नाही.

थोरली कुणाला द्यायची ते राहिले. ती चंदूने चालू ठेवावी, दोन माणसे घेऊन, आणि पलीकडच्या माणसाचे ऐकावे.

वरील मजकूर वाचून घेतला, माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खाडाखोड माझ्या हुकुमाने झाली आहे.

सही: जयवंत बुधाजी मेस्त्री

आमच्यासमक्ष सही केली:

साक्षीदार पहिला: बाबुराव विठोबा राणे, निवृत्त कारकून, लालबाग.

साक्षीदार दुसरी: बकुळा भिवा कासारे, डिलाईल रोड. सही स्वहस्ते.

स्थळ लालबाग, मुंबई. गुरुवार, दिनांक एकवीस एप्रिल एकोणीसशे साठ.

बाबुरावांची नोंद: दुसऱ्या साक्षीदाराने सही केल्यावर लेखणी परत दिली नाही. सहीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्त लिहिली. कायद्याने तिची गरज नाही, पण मी ती खोडलेली नाही. ती अशी:

ते प्यायले नव्हते.