लहान पाकीट

७ जानेवारी

परत गटवारी! दुकान आमचं ऑनलाइन, गिऱ्हाइकाचं तोंड कधी दिसत नाही. त्यानं काय काय मागवलं एवढंच दिसतं. त्यावरून मी माणसांचे गट पाडते आणि जाहिरातवाले गटागटाला मेसेज सोडतात. नवा गट साहेबांनीच सुचवला — घरात कोणीतरी अंथरुणाला खिळलंय अशी घरं. मोठ्या माणसांचे डायपर, रबरी चादर, वाकणारी स्ट्रॉ, पाठीला लावायची पावडर. "मॅडम, हे गिऱ्हाईक कुठे जात नाही. सोनं आहे सोनं!" मी हसले. हसायला काय झालं होतं मला?

घरी आले तर बाबा पडल्या पडल्या टॅबवर एका बोटाने टकटक करत स्वतःचंच सामान मागवत होते. खातं माझं, कारण मला सवलत मिळते. पण निवड त्यांची. मी हात लावायला गेले की खेकसतात, "माझे डायपर मुलीने निवडायचे? एवढी वेळ आली नाही अजून!"

१५ जानेवारी

दादाचा फोन. "मे महिन्यात रजा टाकतो. तशी घाई नाही ना?" नाही म्हणाले. डॉक्टरही म्हणतात, बाबांची तब्येत स्थिर आहे. स्थिर! तेवढा एक शब्द घट्ट धरून बसलेय.

२८ जानेवारी

सापडलं! या गटातली घरं एक दिवस खरेदी थांबवतात — का, ते उघड आहे. पण त्याच्या थोडं आधी ती डायपरचं मोठं पाकीट सोडून लहान घ्यायला लागतात. लहान महाग पडतं, तरीही. घरामागून घर, तेच! साहेबांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे आधीच कळतं!" मी फुशारून गेले. इथे खोटं कशाला लिहू?

शेजारच्या टेबलावरची मैत्रीण डबा उघडताना म्हणाली, "सासूबाईंच्या वेळी मीही लहानच घेत होते गं. आत्ता लक्षात येतंय." तिचा डबा तसाच राहिला.

३ फेब्रुवारी

लहान पाकीटवाल्यांना आता फोटोफ्रेमची जाहिरात जाणार. 'आपल्या माणसाच्या आठवणी जपा.' मी म्हटलं, साहेब, माणूस जिवंत आहे अजून! "म्हणूनच तर. नंतर ते दुसऱ्या दुकानातून घेतील."

भांडायला हवं होतं. मान डोलावली आणि यादी लावून दिली. स्वतःचीच किळस येतेय.

४ फेब्रुवारी

अर्धी वाटी सूप गेलं बाबांना. बरंच म्हणायचं.

१० फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. फ्रेम! 'आपल्या माणसाच्या आठवणी जपा.' चाचणीसाठी माझा नंबर टाकला म्हणून मेसेज सोडणाऱ्यावर अशी उखडले की सगळे वळून बघायला लागले. तो बिचारा गांगरला. "चाचणी नाही, मॅडम. तुम्ही यादीतच आहात."

माझं खातं उघडलं. गेल्या काही खेपा सगळी लहान पाकिटं. मी नाही मागवली! मी कधी हातसुद्धा —

खातं माझं. निवड त्यांची. बाबांना सगळं ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त मला, आणि मी ऑफिसात बसून परक्यांची घरं ओळखत होते.

जिन्यात जाऊन दादाला फोन लावला. मे नको, आत्ता ये. "का? डॉक्टर काय म्हणाले?" डॉक्टर नाही काही म्हणाले. पुन्हा नुसतं 'ये' म्हटलं. तो म्हणाला, "निघतो."

११ फेब्रुवारी

दादा वाटेत आहे. बाबांना विचारलं, लहान पाकीट का? "मोठं उरलं तर तुला ते टाकवणार नाही. बघत बसशील त्याच्याकडे." मला रडू आवरेना. त्यांनी टॅब माझ्याकडे सरकवला. खातं एकच, तेव्हा मेसेज त्यांनाही गेलेला — आमच्या फ्रेमचं पान उघडं होतं. म्हणाले, "ही तेवढी तू निवड."