तांबूच्या पायाच्या कामट्या

पूर्णगड,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

तीर्थरूप आबांस,
मथुरेने इथून वाकून केलेला नमस्कार केळशीस पोचावा.

मी खुशाल आहे. वेळेवर जेवते. दिवाळीला माहेरी येणं झालं नाही, ते मनावर घेऊ नका.

पाठवणीत तुम्ही दिलेलं कुत्र्याचं पिल्लू, तांबू, मजेत आहे असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं लिहवत नाही. सोमवारी होडी वर ओढताना त्याचा मागचा पाय ओंडक्याखाली सापडून मोडला. सासूबाई म्हणाल्या, "लंगडं कुत्रं राखण काय करणार? दे सोडून." मी नाही म्हटलं. या घरात पहिल्यांदाच.

तुम्ही बैलांच्या मोडल्या पायाला बांधता तशा बांबूच्या कामट्या लावल्या, पण बांधल्या जाळ्याच्या सुतळीने. तांबूने दिवसभर चाटून ती भिजवली आणि संध्याकाळी पंजा सुजून गार पडला. मामंजींनी सुतळी कापली. म्हणाले, "भिजली की आवळते गो ती!"

आता माझं जुनं लुगडं फाडून त्या पट्टीने सैल बांधलंय. पंज्यात ऊब आली आहे. पेज मीच भरवते. त्याला चालवल्याशिवाय मी राहायची नाही.

कामट्या किती दिवसांनी सोडू? आईचा खोकला कसा आहे? खरं तेच लिहा.

आज दुसरी पट्टी फाडायला बसले, तर सासूबाईंनी आपलं जुनं लुगडं पुढ्यात टाकलं. "सगळी लुगडी कुत्र्यालाच फाडलीस, तर शिमग्याला केळशीस काय नेसून जाशील?"

आबा, केळशीचं नाव त्यांनी आपणहून काढलं.

तुमची,
मथुरा