डावी बाजू मोकळी

मांडवी, रत्नागिरी
१२ फेब्रुवारी १९८४

ती. कमळावन्संना सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे क्षेम. पावसहून शहाळी आली. तुम्हालाही पाठवली असती, पण पोस्टमन नेईना!

यांची बोट बेपत्ता झाली त्याला चैत्रात बारा वर्षे होतील. काशीरामभावोजी म्हणतात, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी देऊ, दादाला गती मिळू दे. त्यांचे चुकत नाही. पण वन्सं, दुपारी भांडी घासताना उंबऱ्याशी खाकरणे ऐकू येते. यांचेच. मी 'आलात?' म्हणत उठते. कोणी नसते.

शेवटच्या रजेत यांनी दाराच्या उजव्या अंगाला लाल कागदावरची चिनी ओळ चिकटवली, बोटीवरच्या चिनी खानसाम्याकडून लिहून घेतलेली. डावी बाजू मोकळी ठेव म्हणाले होते. अक्षरे गिरवून पाठवते. तुमच्या शेजारच्या चिनी दंतवैद्यांना दाखवा. परत यायचे काही लिहिले असेल, तर मी विधीला नाही म्हणणार.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

सौ. सावित्री


गिरगाव, मुंबई
२१ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. सावित्रीस अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटात सिस्टर पाठ करून घेत त्या कविता मी महिपतला ऐकवायची, तेव्हा हा जांभया द्यायचा. आणि बोटीवर जाऊन हे शिकला!

दंतवैद्यांच्या आईने वाचले: 'वारा पडला, समुद्रावर आकाश निरभ्र.' त्यांच्याकडे 'निरभ्र' आणि 'प्रेम' यांचा उच्चार एकच. मोठ्याने वाचताना म्हातारी चक्क लाजली. परत येण्याचे त्यात काही नाही गं.

पण ही अर्धीच. एकाने उजवी ओळ द्यायची, दुसऱ्याने डावीने उत्तर द्यायचे, शब्दाला शब्दाची जोड लावून. देणारा स्वतः उत्तर देत नाही. तो थांबून राहतो. तू मराठीत कळव, आजी चिनीत लिहून देतील. त्या विचारत होत्या, कागद लाल की निळा? दुःखाच्या घरी लाल लावत नाहीत म्हणे. ते मी कुठल्या तोंडाने सांगू? माझा धाकटा भाऊ तो.

जपून राहा, मला विसरू नकोस.

तुझी कमळावन्सं


मांडवी, रत्नागिरी
२८ फेब्रुवारी १९८४

ती. कमळावन्संना शि. सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचले. बारा वर्षे मी समजत होते, उरलेली ओळ हे घेऊन येणार. ती तर माझ्याकडे मागितली होती. मीच यांना दाराशी ताटकळत ठेवले.

काल दुपारी पुन्हा खाकरणे आले. मी उठले नाही. जुळवलेली ओळ बसल्या जागेवरून मोठ्याने म्हटली: 'दार उघडले, उंबऱ्यावर पाऊल मोकळे.' जाऊबाईंनी विचारले, कोणाशी बोलता? मी म्हटले, तुमची पेज उतू चालली, ती बघा आधी.

मग संध्याकाळपर्यंत कान देऊन बसले. काही आले नाही. आजही नाही.

भावोजींना विधीसाठी हो म्हटले आहे. तुम्ही या. माझ्या एकटीच्याने व्हायचे नाही. आजींना माझा नमस्कार सांगा, आणि कागद निळा घ्यायला सांगा.

माया आहे तशीच असू द्यावी.

सावित्री