सोमवारीच जा हं

३ मार्च, मंगळवार
आज आणखी तीन सेंटरना फोन. छातीतल्या गाठीची सोनोग्राफी करायची आहे, एवढंच तर म्हणणं! पहिल्याकडे, "सरकारी विमा आम्ही घेत नाही." दुसऱ्याकडे, "सेंटर घेतं, पण आमचे रेडिओलॉजिस्ट घेत नाहीत." तिसऱ्याकडे मशीन बंद. सहज विचारलं, "आणि रोख भरले तर?" "मग उद्या सकाळी या." रोख म्हटलं की मशीनलाही हुशारी येते!

गाठ डाव्या बाजूला, काखेकडे. वाटाण्याएवढी. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही — पण उशीर नको.

४ मार्च
थोरल्या जाऊबाई माझ्या शिवणाच्या दुकानात आल्या होत्या. सैल झालेले कपडे आत घ्यायला. काय बारीक झाल्यात! एकाच माणसाला सगळं कसं मिळतं? भाऊजींची मोठ्या कंपनीत नोकरी, कंपनीचा विमा, एका फोनवर डॉक्टर हजर. आणि आता वर ही कंबर!

मी टेप काढली तर मागे सरकल्या. "माप नको गं. जुन्या मापापेक्षा सगळीकडून इंचभर घे आत." नखरे! शिवणारीपुढे कसली लाज? डोक्याला रेशमी रुमाल, सिनेमातल्या बाईसारखा. शोभत होता. तेच जास्त लागलं.

६ मार्च
नवऱ्याला म्हटलं, तुमच्या दादांना विचारा ना, त्यांच्या ओळखीनं कुठे जमतंय का. "दादाला नको. बघू."
बघू! गाठ माझी, बघू यांचं.

७ मार्च
कपडे पोचवायला गेले आणि जाऊबाईंपाशी बोलूनच टाकलं. त्यांनी कपड्यांची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "पुलापलीकडे सोनोग्राफीच्या एक डॉक्टरबाई आहेत, पेट्रोल पंपामागे. सरकारी विमा घेतात. घाई करत नाहीत, स्वतः बघतात. सोमवारी आणि गुरुवारी असतात. तू सोमवारीच जा हं."
"तुम्हाला कसं माहीत?"
"आमच्या स्वयंपाकाच्या बाई जातात."

म्हणजे मला स्वयंपाकीणबाईंची डॉक्टर! स्वतःची, काचेच्या इमारतीतली, ती नाही सांगितली. आणि वार पण ह्याच ठरवणार!

घरी येऊन भांडी आपटली. मग फोन केला. फोनवरची मुलगी म्हणाली, सोमवार रिकामा आहे. मी मुद्दाम गुरुवार मागितला.

८ मार्च
दिवसभर जाऊबाईंचा तो निळा ड्रेस डोळ्यांपुढे. मीच आत घेतलेला. हिचं कधी काही वाईट होतच नाही का?
असं लिहायचं नव्हतं. लिहिलं.

१० मार्च
गाठ तेवढीच आहे की वाढली? दर तासाला हात जातो. दुकानात आज बाही उलटी जोडली.

१२ मार्च, गुरुवार
लहानशी खोली, बाकं भरलेली. आतून आमचं आडनाव पुकारलं. मी उठले. समोरच्या बाकावरून निळा ड्रेसही उठला.

हातात माझ्यासारखंच सरकारी विम्याचं कार्ड. रुमाल जरा सरकलेला. खाली केस नव्हते.

"भाऊजींची कंपनी...?" माझ्या तोंडून एवढंच आलं.
"नोकरी सुटून वर्ष झालं. तुला सोमवार सांगितला होता ना गं."

दारातली नर्स वैतागली. "अहो, दोघींपैकी कोण?"

जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं.
"आधी हिला घ्या. हिची पहिलीच वेळ आहे."